ऊन खाणारी

चैत्र लागला की बारामतीच्या कसब्यात आमच्या आत्याच्या घरी पहिला मान गादीचा. पापड, कुरडया, सांडगे सगळं तिच्यानंतर. सकाळी दहाच्या आत ती गच्चीवर गेली पाहिजे, कठड्यावर आडवी पडली पाहिजे आणि दुपारी तिची कूस बदलली पाहिजे. कुरडयांवर कावळा आला तर आत्या खालूनच हाड्हाड् करते. गादीवर मांजर चढलं तर स्वतः जिना चढते. "खाऊ दे तिला ऊन," म्हणते. उन्हं कलायच्या आधी गादी जिन्याच्या सावलीत आणायची, तिच्या पोटातली धग निघून जाऊ द्यायची आणि दिवेलागणीनंतरच अंथरायची, हा पुढचा विधी. तो चुकवला, गरम गादी तशीच अंथरली, की त्या रात्री झोपेच्या नावाने आंघोळ.

गंमत अशी की दिवसभर ऊन खाणाऱ्या या बाईकडून अपेक्षा काय, तर रात्री गार झोप. बारामती-इंदापूर म्हणजे काही महाबळेश्वर नव्हे. सह्याद्रीवर कोसळून उरलेला पाऊस इथे पोचेपर्यंत हात आखडता घेतो, आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. अशा गावात गार झोपेची जबाबदारी घ्यायची म्हणजे धाडसच. ती घेते. कशी, ते कळायला तिची नीट ओळख व्हायला हवी.

गादीचं वय विचारलं तर आत्या साल सांगत नाही. "उजनीचं पाणी चढत होतं तेव्हाची," एवढंच सांगते. उजनीचं धरण १९८० च्या सुमारास पुरं झालं, पण भीमेकाठची गावं त्याआधीपासूनच उठू लागली होती. आत्याचं माहेर, म्हणजे आमचं मूळ घर, पळसदेवचं. जुनं पळसदेव पाण्याखाली गेलं. तिथलं देऊळ कडक उन्हाळ्यात पाणी ओसरलं की अजून डोकं वर काढतं. त्या उठाउठीच्या गडबडीत आजोबांनी मुलीचं लग्न उरकलं आणि आंदणात द्यायला इंदापूरच्या बाजारात गादी भरून घेतली. चौदा किलो कापूस, समोर तोलून. पुढे घर गेलं, अंगण गेलं. हलवता येण्याजोगं जे जे हललं आणि टिकलं, त्यात ही गादी. ट्रंक आणि हंड्या-कळशांवर स्वार होऊन ती निमगाव केतकी, अंथुर्णे, भवानीनगर, काटेवाडी करत ट्रकमधून बारामतीला आली. तुकोबांच्या पालखीच्याच वाटेने, फक्त उलट्या दिशेने.

रूपाने साधीच. चार बाय सहाची. अंगावर निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा गादीपाट. जुनी खोळ विरली की नवी शिवतात, त्यामुळे वस्त्र बदलतं, माणूस तोच. चारी कडांना बोटभर जाडीची उभी शिवण. पोटावर वीत-वीतभर अंतराने टाके आणि प्रत्येक टाक्यापाशी एक खळगा. लहानपणी सुट्टीत आलो की आम्ही या खळग्यांत चिंचोके मांडून डाव खेळायचो. टाक्यांच्या खळग्यांखेरीज तिला आणखी दोन मोठे खळगे आहेत: उजवीकडचा आतोबांचा, डावीकडचा आत्याचा. दोन्हींच्या मध्ये न दबलेल्या कापसाचा एक उंचवटा आहे, शेताच्या बांधासारखा. ज्या तालुक्यात वीतभर बांधावरून सख्खे भाऊ कोर्टाची पायरी चढतात, तिथे हा बांध मात्र कधी कुणी कोरला नाही.

आतोबांचा खळगा खोल, कारण त्यांचं वजनही तसं आणि झोपायची वेळही तशी. ते साखर कारखान्यात होते. गळीत हंगाम सुरू झाला की पाळ्या लागायच्या. रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी आठला पडायचा तो दुपारी उठायचा. म्हणजे ऐन हिवाळ्यात, कोवळं ऊन असताना, गादी अडकलेली. "तुमच्या कारखान्यामुळं माझ्या गादीचा उपास पडतो," असं आत्या म्हणायची. हंगाम संपून भोंगा बंद झाला की गादीचं उपास सोडणं. चैत्रातल्या त्या मानपानाचं मूळ तिथे आहे.

आता तिच्या स्वभावाकडे येऊ. कापसाला पाण्याची ओढ उपजतच. हवेत दमटपणा असेल तर तो ओढून घेतो, हवा कोरडी पडली की सोडून देतो. आपल्या हाताला तो कोरडाच लागतो, पण साध्या हवेतसुद्धा त्याच्या वजनाच्या सात-आठ टक्के पाणी त्याच्या धाग्यांत मुरलेलं असतं. पावसाळी हवेत ते आणखी वाढतं. चौदा किलोच्या गादीत आषाढ-श्रावणात लिटर-दीड लिटर पाणी सहज असतं, एक थेंबही न दिसता. म्हणून पावसाळ्यात ती जड होते, थंड पण चिकट लागते, आणि घडी करून ठेवली की आंबूस वास धरते. चैत्राच्या कोरड्या उन्हात यातलं बरंचसं पाणी उडून जातं. धागे मोकळे होतात, दबलेला कापूस थोडा फुगतो. आत्याच्या भाषेत ती ऊन खाते. खरं तर ती पाणी ओकते आणि रात्रीसाठी पोट रिकामं ठेवते.

रात्री ते पोट कामाला येतं. झोप लागायची म्हणजे माणसाच्या अंगातली उष्णता थोडी उतरावी लागते, साधारण एका अंशाने. ती बाहेर पडते मुख्यतः कातडीतून. शिवाय घामाच्या आणि श्वासाच्या वाटे रात्रभरात पेलाभर पाणी अंगातून जातं. उघड्या बाजूचा घाम वाऱ्यावर उडतो. पाठीखालचा कुठे जाणार? तो टिपून घ्यायला खाली कुणीतरी तहानलेलं हवं. ऊन खाऊन आलेली गादी तो टिपते आणि पाठ कोरडी ठेवते. पाठ कोरडी राहिली की निम्मा उकाडा गेला. ती अंगाला बर्फ लावत नाही, एवढं तिच्या बाजूने आणि विरुद्ध दोन्हीकडे सांगायला हवं.

तिचा हा गुण गावागणिक बदलतो. बारामती तालुक्यातच दोन हवा आहेत. सुपे-मोरगावकडचा भाग जिरायत. तिथे दिवस भाजून काढतो, पण हवा कोरडी असल्याने सूर्य बुडाला की रात्र झपाट्याने उतरते. पहाटे पांघरूण लागतं. माळेगाव-सांगवीकडे नीरा डाव्या कालव्याचं पाणी, दोन्ही अंगांना ऊस. तिथल्या हवेत रात्रीही ओल असते, उकाडा रेंगाळतो. आत्याची एक जाऊ सांगवीला असते. तिच्याकडची गादी उन्हात घातली तरी दोन दिवसांत पुन्हा जड होते, आणि ती बिचारी दोष गादीवाल्याला देते. इंदापूरकडे उजनीच्या फुगवट्याजवळची गावं तिसऱ्याच तऱ्हेची. तिथे पाण्यावरून येणारा वारा सुखाचा, पण त्याच पाण्याकाठचे डास तो सुखाने घेऊ देत नाहीत. तिथे गादीला मच्छरदाणीची सवत करावी लागते.

माळेगाव खुर्दला २००९ साली राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था निघाली. ऊन, दुष्काळ, खारट जमीन यांचा ताण पिकं, गुरं, मासे कसा सोसतात याचा अभ्यास तिथे चालतो. माणसं उन्हाचा ताण कशी सोसतात, हे पाहायचं तर मे महिन्यात रात्री नऊला कसब्यातल्या कुठल्याही गच्चीवर जावं. दिवसभर तापलेला स्लॅब घरातल्या खोल्यांत धग सोडत असतो. पंखा तीच धग गोलगोल फिरवतो. वर मात्र आभाळ मोकळं. संध्याकाळी गच्चीवर चार बादल्या पाणी मारलं की स्लॅबमधून वाफ निघते, मातीचा वास येतो, आणि तासाभरात फरशी पायाला सोसवते. मग सतरंजी, तिच्यावर गादी, तिच्यावर धुतलेली सुती चादर. दहा वाजेपर्यंत गप्पा, अकराला वाऱ्याची पहिली झुळूक, आणि पहाटे चारला पायथ्याची गोधडी कुणीही न ओढता गळ्यापर्यंत आलेली.

माझं म्हणणं एवढंच आहे की या गादीचा थंडावा तिच्या कापसात जेवढा आहे त्याहून जास्त तिच्या फिरतीत आहे. हिवाळ्यात ती माजघरात, जमिनीवर. उन्हाळ्यात गच्चीवर. पावसाळ्यात पलंगावर, ओलीपासून वर. पाहुणा आला की ओसरीवर. आंब्याच्या दिवसांत पोरांची फौज आली की ती आडवी अंथरतात आणि चौघांची डोकी तिच्यावर, पाय सतरंजीवर. ऋतू बदलला की ती जागा बदलते, आणि तिच्यामागून घर.

सगळ्यात मोठी फिरती आषाढात. तुकोबांची पालखी बारामतीत मुक्कामाला येते, तेव्हा घरोघरची अंथरुणं बाहेर निघतात. दुसऱ्या दिवशी काटेवाडीला परीट मंडळी पालखीपुढे धोतरांच्या पायघड्या घालतात, मेंढ्यांचं रिंगण होतं, आणि सोहळा सणसरकडे सरकतो. पण त्याआधीची रात्र आत्याच्या गादीची. ज्या गादीवर आम्हा पोरांना पाय ठेवायची बंदी, तिच्यावर देहूपासून चालून आलेले चिखलाचे, भेगाळलेले पाय आत्या स्वतः धुऊन घेते. रात्री तीन माउल्या तिच्यावर, दोन खाली. सकाळी गादी ओलसर, दबलेली आणि बुक्क्याच्या वासाची होते. वर ऊन नाही, दोन महिने नाही. त्या वासाबद्दल मात्र आत्याची तक्रार नसते.

आता अवगुण. ते बरेच आहेत आणि झाकण्यात अर्थ नाही.

एक, ती जड आहे. चौदा किलो कापूस म्हटलं की आकडा लहान वाटतो; पण कापूस हातात मावत नाही, वाकतो, घसरतो, मध्येच पोट काढतो. गादी जिन्यावरून वर न्यायची म्हणजे एकीने पुढे ओढायचं, दुसरीने मागून खांदा द्यायचा. 'एकीने' आणि 'दुसरीने' हे मुद्दामच लिहिलं. इतक्या वर्षांत मी या कामाला आतोबांचा हात लागलेला पाहिला नाही. ते जिन्याच्या तोंडाशी उभे राहून "सावकाश, भिंतीचा रंग जाईल," एवढं म्हणतात. कापसाच्या गादीची थोरवी गाणाऱ्या बहुतेकांनी ती उचललेली नसते.

दुसरा अवगुण रुसव्याचा. वर्ष-दोन वर्षं लक्ष दिलं नाही की कापसाचे गोळे होतात, मध्ये खड्डा, कडेला उंचवटा, आणि झोपणाऱ्याची कंबर बोलू लागते. तिसरा, ती कुणालाही आश्रय देते. ढेकणांना तर टाक्यांचे खळगे म्हणजे हक्काची घरं. धुळीतले बारीक कीटकही दमट गादीत सुखाने नांदतात, आणि दम्याच्या माणसाला ते सोसत नाहीत. कडकडीत कोरडं ऊन हा यावर थोडाफार उतारा आहे, पण तो देणारा हात लागतो. चौथा, तिच्या पोटात काहीही टिकून राहतं: सांडलेला चहा, तान्ह्या बाळाची करामत, लाल औषध. वरची खोळ धुता येते, आतला कापूस नाही.

याच अवगुणांवर बोट ठेवून दुसरीचा घरात प्रवेश झाला. आत्याचा मुलगा, आमचा दादा, एमआयडीसीत नोकरीला लागला आणि पलंगासाठी त्याने फोमची गादी आणली. जाडजूड, पांढरीशुभ्र, वरच्या थरात निळसर जेल. पत्रकावर हिमकण काढलेले आणि 'कूलिंग' असा शब्द. दुकानात तिच्यावर आडवं पडून पाहिलं तेव्हा ती खरोखर गार लागली होती, असं दादा शपथेवर सांगतो. त्यात खोटं काही नाही. जेल अंगातली उष्णता पटकन पिऊन घेतं, म्हणून पहिल्या स्पर्शाला गारवा जाणवतो. पण ती प्यालेली उष्णता पुढे कुठे टाकायची, हा प्रश्न उरतोच. खाली जाडच्या जाड फोम, आणि फोम उष्णता अडवण्यात पटाईत. मध्यरात्रीपर्यंत जेलही अंगाइतकंच तापतं. दुकानात आपण दोन मिनिटं पडतो, घरी आठ तास.

तिचं घराणं मात्र नावाजलेलं आहे. पॉलियुरेथेनचं रसायन जर्मनीत ऑटो बायर यांनी १९३७ साली शोधलं. दाबलं की हळूहळू पूर्ववत होणारा, अंगाच्या उबेने मऊ पडणारा 'मेमरी फोम' १९६६ साली अमेरिकेत नासासाठी, विमानातल्या आसनांच्या गाद्यांसाठी तयार झाला. दणका सोसावा, भार सगळीकडे सारखा वाटावा, हा त्याचा हेतू. ते काम तो उत्तम करतो. ज्याचे खांदे-कंबर दुखतात, जो अंथरुणाला खिळला आहे, ज्याच्या शेजारचा रात्रभर कुशी बदलतो, त्याला हा फोम वरदान आहे. पण मऊ पडून अंगाला सगळीकडून कवटाळायचं आणि त्याच वेळी अंग गार ठेवायचं, ही दोन कामं एकमेकांच्या विरुद्ध आहेत. जितकं अंग गादीत रुतलं, तितकी वाऱ्याला उघडी कातडी कमी. उघड्या भोकांचा लॅटेक्स किंवा काथ्याची गादी या बाबतीत बरी, कारण त्यांतून हवा खेळते. पाणी खेळवून सतत गार राहणाऱ्या गाद्याही आता निघाल्या आहेत; त्या खरंच गार ठेवतात, फक्त वीज असेपर्यंत. आमच्या भागात ज्याने विहिरीच्या मोटारीसाठी रात्रीच्या विजेची वाट पाहिली आहे, त्याला 'असेपर्यंत' या शब्दाचं वजन सांगायला नको.

मग आली कंबरेची गोष्ट. आत्याच्या कंबरेत उसण भरली आणि घरात दोन पक्ष पडले. आतोबांचा पक्ष "फळीवर झोप" म्हणणारा. दादाचा पक्ष "माझ्या गादीवर झोप" म्हणणारा. तिच्या पत्रकावर 'ऑर्थो' असंही लिहिलेलं होतं. दोघांच्या मधली वाट स्पेनमधल्या डॉक्टरांनी आधीच काढून ठेवली होती. कंबरेचं जुनं दुखणं असलेल्या ३१३ जणांना त्यांनी काही कडक आणि काही मध्यम कडक गाद्यांवर झोपवलं आणि २००३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापला: मध्यम कडक गादीवाल्यांची कंबर अधिक सुधारली. फळी हा उपाय नव्हे, आणि लोण्यासारखी मऊ गादी हाही नव्हे. हे मी आत्याला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हंजे पिंजून घ्यायला झाली."

बारामतीत गाद्या भरणाऱ्यांची दुकानं अजून आहेत, आणि हंगामात टेम्पोवर यंत्र टाकून गल्लोगल्ली फिरणारेही. आत्याचे ठरलेले चाचा पिढीजात पिंजारी. त्यांचे वडील खांद्यावर धनुकली घेऊन इंदापूर तालुक्यातली खेडी फिरायचे. ताणलेल्या तातेवर लाकडी मोगरी आपटली की ठणठण आवाज लांबवर जायचा आणि बायका गादी घेऊन अंगणात यायच्या. आता धनुकली दुकानात खिळ्याला टांगलेली आहे, आणि काम दातेरी रुळांचं यंत्र करतं. भोवती कापसाचा धुरळा, चाचांच्या भुवया पांढऱ्या, तोंडाला रुमाल.

आत्याने गादी पिंजायला दिली त्या दिवशी मी बसून सगळं पाहिलं. आधी त्यांनी टाके कापले, एका बाजूची शिवण उसवली आणि पोट मोकळं केलं. आतून निघाला तो कापूस पिवळट, दडस, गोळ्या-गोळ्यांचा. "हा तुमच्या लग्नातला," चाचांनी एक गोळा विस्कटून आत्याला दाखवला. "रुई चांगली आहे ताई. असा आता कुणी घालत नाही." आजकाल काय घालतात, तेही त्यांनी शेजारच्या पोत्यातून काढून दाखवलं: गिरणीतला केर-कापूस, होजिअरीच्या चिंध्या पिंजून केलेला रंगीबेरंगी कापूस, आणि त्यात मिसळलेला पॉलिएस्टर. ओळखायचं कसं? चाचांनी काडी ओढली. आत्याच्या कापसाची वात झर्रकन जळली, कागद जळल्याचा वास आला, बोटाने चिरडली तर राख. दुसरी वात आक्रसली, वितळली आणि टोकाला कडक मणी उरला. "डोळ्यांनी कापूस बघू नये," चाचा म्हणाले. "मुठीत दाबा, सोडा. उठला पाहिजे. आणि काडी जवळ असू द्या."

यंत्रातून कापूस निघाला तो ढगासारखा न म्हणता सरळ सांगतो: तिप्पट झाला. तीन माणसांनी कवळ घातली तरी मावेना. मग चाचांनी नवी खोळ उलटी करून जमिनीवर पसरली आणि तिच्यावर कापसाचे थर रचले. इथे त्यांची खरी विचारपूस सुरू झाली. कोण झोपणार? वजन किती? उताणं की कुशीवर? दुखतं कुठे? जमिनीवर की पलंगावर? आत्या उत्तरं देत गेली आणि ते थर बदलत गेले. कंबरेखाली एक जादा थर, खांद्याखाली कमी, उशाकडे जवळपास नाहीच. थोडी नवी रुई कुठे घालायची, तर जिथे भार जास्त तिथे. मग कापसासकट खोळ त्यांनी वळकटीसारखी गुंडाळली, उघड्या तोंडातून हात घालून एका झटक्यात उलटवली, आणि बाहेरचा कापूस आत गेला. हे इतक्या सहज झालं की मी पुन्हा करून दाखवा म्हणणार होतो. नंतर वेताच्या छडीने झोडून सारखं करणं, कडा उभ्या शिवणं, आणि शेवटी दाभण. टाके जवळ घातले तर गादी कडक, लांब घातले तर मऊ. "मधलं सांगितलंय ना डॉक्टरनी?" चाचांनी चार बोटांनी अंतर मोजलं आणि पहिला टाका मध्यावर घातला.

दादाच्या गादीच्या दुकानातही त्याला वजन-उंची विचारली होती, कडकपणाचे तीन प्रकार दाखवले होते, पसंतीचा थर निवडायला दिला होता. माप घेऊन केलेली वस्तू म्हणून तो ती मिरवतो, आणि मिरवण्यासारखी आहेच. फरक एवढाच की ते माप एकदाच घेतलं जातं. माणसाचं माप मात्र स्थिर राहत नाही. पोट सुटतं, कंबर धरते, बाळ मध्ये येऊन झोपतं, मग मोठं होऊन दुसऱ्या खोलीत जातं. नव्या गादीच्या पोटात काय आहे ते पाहायची सोय नाही. बिघडली की फेकायची, आणि ती फेकायची कुठे, हा नगरपालिकेच्या गाडीवाल्याशी रोजचा वाद. म्हणून कुणी मला गादी निवडायला सोबत नेलं तर मी हिमकणांकडे बघत नाही. विचारतो: उन्हात टाकता येईल का? दोघांत उचलेल का? उसवून पुन्हा भरता येईल का? तिन्ही उत्तरं 'नाही' आली तरी गादी वाईट ठरत नाही. मग निदान ती पातळ घ्यावी, खाली फळ्यांत फटी असलेला पलंग ठेवावा, वरून जाड सुती चादर किंवा पातळ कापशी गादी अंथरावी, म्हणजे घाम टिपायला कुणीतरी मध्ये राहतं. दादाने शेवटी तेच केलं. नव्या पिंजलेल्या कापसाची दुलई मात्र उन्हाळ्यात नको, हेही त्याला सांगितलं. ताजा पिंजलेला कापूस हवा धरून ठेवतो आणि हिवाळ्यात जितका उबदार, तितकाच वैशाखात जाचक.

आत्याच्या गादीलाही हा नियम लागू होताच. दिवाळीनंतर पिंजली, म्हणून हिवाळा सुखाचा गेला आणि चैत्र येईस्तोवर ती दबून बेताची झाली. पण एक नवा पेच पडला. नव्या रुईने ती आणखी किलो-दोन किलो जड झाली होती, आणि आत्याची कंबर बरी असली तरी विशीतली नव्हती. वहिनी नोकरीला जाणारी. सकाळी दहाला घरी नाही. पहिल्याच दिवशी गादी जिन्याच्या वळणावर अडली. आत्या खाली आली, पदराने तोंड पुसलं आणि चाचांना फोन लावला. ते संध्याकाळी येऊन बघून गेले. "ताई, दोन करू," म्हणाले. "अडीच बाय सहाच्या. एकेकटीनं उचलाल."

आतोबांना ते पटेना. इतक्या वर्षांची गादी, सासऱ्यांनी तोलून दिलेली, तिचे दोन तुकडे? आत्या म्हणाली, कापूस तोच राहतो. चाचांनी पुन्हा टाके कापले, पुन्हा पोट उघडलं, कापूस तोलून दोन वाटे केले. एकीत कंबरेला जादा थर, दुसरीत भरीव आणि कडक, आतोबांच्या वजनाला सोसेल अशी. मधला बांध आता कायमचा नाहीसा झाला. संध्याकाळी दोघी ओसरीवर शेजारी-शेजारी ठेवलेल्या, नव्या गादीपाटात, बघायला अगदी सारख्या.

"यातली माझी कुठली?" आतोबांनी विचारलं.

"जी तुम्ही रोज वर घेऊन जाल ती," आत्या म्हणाली.